आठ जीबीची रॅम आणि ३.४१ जीबीचा आकडा: दारव्हा तालुक्यातल्या एका सेवा केंद्राचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, एका गावात, घराच्या ओसरीला लागून असलेल्या खोलीत आपले सरकार सेवा केंद्र चालतं. कॉम्प्युटर एकच, प्रिंटर एक, स्कॅनर एक, अंगठ्याचं मशीन एक. बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल अशी जी गर्दी सुरू होते, ती पीक विम्याची मुदत सरेपर्यंत हटत नाही. २०२५ च्या मे महिन्यात, नेमका या गर्दीच्या तोंडावर, तो कॉम्प्युटर आधी रेंगाळायला लागला. नवी रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवणारी मेमरी, टाकताच पूर्ण बंद पडला. आणि शेवटी आठ जीबी रॅम नीट बसली, तरी विंडोज ३.४१ जीबीच्या पुढे जाईना. एका तक्रारीत तीन-चार कारणं गुंतलेली होती. ती एकेक करून कशी सुटी केली ते सविस्तर लिहितो, कारण याच पिढीच्या मशीन आपल्याकडे गावोगावी अजून पोटापाण्याचं काम करताहेत आणि त्यांच्यावरचा खर्च बरेचदा नको त्या जागी होतो.

मशीन अशी: इंटेलचा आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि डीडीआर३ जातीच्या दोन-दोन जीबीच्या दोन रॅम. हा प्रोसेसर बाजारात आला २०११ मध्ये. मशीन घेतली तेव्हा तिच्यात विंडोज ७ होतं. पुढे फुकट अपग्रेड मिळत होतं त्या काळात विंडोज १० झालं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचा संबंध येतो.

केंद्र चालवणाऱ्या ताईंची मूळ तक्रार साधी होती. पोर्टलवर फॉर्म अर्धा भरला की माऊस अडकतो, ओटीपीची वेळ निघून जाते, आणि समोरचा माणूस म्हणतो की साइटच बंद आहे. कुणीतरी सांगितलं, रॅम वाढवा. सल्ला चुकीचा नव्हता. ताईंनी ऑनलाइन शोधून डीडीआर३, १६०० वेगाची ८ जीबीची एक रॅम मागवली, स्वस्तात मिळाली म्हणून. जुन्या दोन्ही काढून ती एकटी बसवली. स्क्रीन काळी. जुन्या परत लावल्या, तरी स्क्रीन काळीच. मग मला, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला, फोन आला.

"भाऊ, नवी रॅम टाकली तं डिस्प्लेच नाही येऊन रायला. जुनी लावली तरी तसंच. नुसतं पीं पीं करते."

"पीं पीं लांब हाये का आखूड?"

"लांब. थांबतच नाही."

लांब बीप सारखी वाजत राहणं ही बहुतेक बोर्डांवर रॅम सापडत नसल्याची खूण असते. म्हणजे बोर्ड जिवंत आहे, प्रोसेसर जिवंत आहे, बायोस (बोर्डावरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) चालू होऊन मेमरी शोधतोय आणि ती त्याला मिळत नाही. ही चांगली बातमी होती. गावात तोवर मदरबोर्ड उडाला असं ठरून गेलं होतं आणि नव्या मशीनचे भाव विचारून झाले होते. पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्याला आणि खताला काढून ठेवलेल्या पैशांतून कॉम्प्युटर घ्यायचा, इथवर बोलणं गेलेलं.

सीपीयू दुकानात घेऊन या असं मी म्हणालो नाही. दुकानातली वीज वेगळी, हवा वेगळी, टेबल वेगळं. जी मशीन दुकानात चालते आणि घरी गेली की बंद पडते, तिचं दुखणं घरीच बघावं लागतं.

आधी वीज, मग रॅम

कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला टेस्टर लावला तर दिवा लागला. ताई म्हणाल्या, "हात लावला का झिणझिण्या येतात, आम्हाले सवय हाये." ही सवय लागायला नको. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांची एक टोकं फेज आणि न्यूट्रलला, दुसरी कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेली असतात. अर्थिंग असेल तर तिथे येणारी किंचित वीज जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल तर अख्खं कॅबिनेट पुरवठ्याच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगत राहतं. त्यातून वाहणारी वीज फार थोडी असते, म्हणून माणूस झिणझिण्यांवर सुटतो. पण प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन या सगळ्यांचे पत्रे आणि वायरी त्याच दाबाशी जोडल्या जातात आणि लावता-काढताना ठिणगी चिपपर्यंत पोचू शकते.

सॉकेट तीन पिनचं होतं. वायरमनला बोलावून तपासलं तर तिसऱ्या भोकाची वायर बोर्डापर्यंत होती, पुढे अंगणातल्या अर्थिंगच्या पाइपाला जोडलेली होती, आणि तरीही अर्थिंग नव्हती. कारण पाइपाच्या भोवतीची माती. आपली काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. मे महिन्यात त्या पाइपाभोवती बोट जाईल एवढी भेग पडली होती. पाइप जमिनीत होता, पण जमिनीला टेकलेला नव्हता. भेग मातीने बुजवली, कोळसा-मीठ घातलं, पाणी सोडलं. टेस्टर लावला तर दिवा लागला नाही. उन्हाळाभर रोज संध्याकाळी अंगणात सडा टाकताना एक बादली त्या पाइपाशी ओतायची, हे तेव्हा ठरलं आणि ते पाळलंही जातं.

याचा रॅमशी थेट संबंध आहे. रॅम बदलायची कशी हे शिकवणाऱ्या काही ठिकाणी सांगतात की प्लग लावलेला ठेवा, बटण बंद करा, पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडा. अर्थिंग पक्की असेल तिथे ते ठीक आहे. जिथे पत्राच तरंगतोय तिथे हा सल्ला उलटा पडतो. गावात माझा नियम वेगळा आहे. प्लग भिंतीतून पूर्ण काढायचा, मागच्या सगळ्या केबल काढायच्या, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून आत साठलेली वीज संपवायची, मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून आपण आणि मशीन एका पातळीवर यायचं, आणि काम संपेपर्यंत मधूनमधून तो स्पर्श करत राहायचं. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत टेरिकॉटचे कपडे घालून, प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून थेट रॅमला हात घालणं टाळावं. कूलर चालू असेल तर हवेत ओल असते, ती या बाबतीत मदतच करते.

कूलरचं मात्र दुसरं एक दुखणं निघालं. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशनवर होते. मोटर सुरू होताना दाब क्षणभर खाली जायचा आणि मशीन रीस्टार्ट व्हायची. मशीन आपोआप बंद पडते अशीही ताईंची तक्रार होती, तिचा बराचसा हिस्सा हा होता. कूलर दुसऱ्या सॉकेटवर नेला. त्यासाठी रॅमला दोष देण्याची गरज नव्हती.

जुनी रॅम का चालेना

कॅबिनेट उघडलं. गावाजवळ जिनिंग आहे, आणि कापसाचे बारीक तंतू पंख्यावर, हीटसिंकवर, बोर्डावर गालिच्यासारखे बसले होते. रॅमच्या स्लॉटमध्येही. जुनी रॅम वर्षानुवर्षं जागेवर होती तोवर तिच्या पट्ट्या स्लॉटच्या पिनांना घट्ट धरून होत्या, कचरा आजूबाजूला होता. ती काढली, नवी घातली, नवी काढली, पुन्हा जुनी घातली, या उलाढालीत तंतू पिनांच्या मध्ये गेले. ताईंना वाटलं नवीन रॅमने बोर्ड जाळला. बोर्डाला काहीही झालं नव्हतं.

स्लॉट मऊ कोरड्या ब्रशने आणि हातपंपाच्या ब्लोअरने साफ केला. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीची वाफ जाते. रॅमच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसल्या. खोडरबराने घासण्याची पद्धत सगळीकडे आहे आणि अडीनडीला ती चालतेही, पण त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा भुगा पुन्हा स्लॉटमध्येच पडतो. अल्कोहोलची छोटी बाटली शंभर-दीडशेत येते, ती जवळ ठेवावी.

मग सगळं कमीत कमीवर आणलं: एकच जुनी रॅम, पहिला स्लॉट, फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड. डिस्प्ले आला. तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये, डिस्प्ले आला. दुसरी जुनी रॅम दोन्ही स्लॉटमध्ये, आली. म्हणजे दोन्ही स्लॉट आणि दोन्ही जुन्या रॅम धडधाकट. नवी आठ जीबीची, साफ केलेल्या स्लॉटमध्ये, नीट दाबून, दोन्ही बाजूचे खटके आपोआप बसेपर्यंत: लांब बीप. दुसऱ्या स्लॉटमध्येही लांब बीप.

मध्येच एक किरकोळ पण खोटी वाट दाखवणारी गोष्ट निघाली. डिस्प्ले आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागची होती. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा असतो, मीटरवर तो २.१ दाखवत होता. तारीख चुकली की ब्राउझर सरकारी पोर्टलचं सुरक्षा प्रमाणपत्र नाकारतो आणि कनेक्शन सुरक्षित नसल्याची सूचना देतो. गावात याचा अर्थ साइट बंद असा लावला जातो. सेल बदलला.

नवी रॅम खराब नव्हती

डीडीआर३ आहे, २४० पिनांची आहे, खाच जुळते, दीड व्होल्टची आहे, बोर्ड एका स्लॉटमध्ये ८ जीबी आणि दोन्ही मिळून १६ जीबी घेतो. मग अडलं कुठे? उत्तर रॅमवरच्या काळ्या चिपांवर बारीक अक्षरात छापलेलं होतं. भिंग आणि मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं: के४बी४जी०४४६.

सॅमसंगच्या या क्रमांकात जीच्या पुढचे दोन आकडे महत्त्वाचे असतात. ०४ असेल तर ती चिप एका वेळी चार बिट देते, ०८ असेल तर आठ, १६ असेल तर सोळा. रॅमला प्रोसेसरशी एका वेळी ६४ बिट बोलायचे असतात. आठ-आठ बिटांच्या आठ चिपा मिळून एक रांग होते, आणि सोळा चिपांच्या ८ जीबी रॅममध्ये अशा दोन रांगा असतात. चार-चार बिटांच्या चिपा असतील तर तितक्याच सोळा चिपांची मिळून एकच रांग होते. दोन्ही रॅम बाहेरून सारख्या. चिपांची संख्या सारखी, आकार सारखा, लेबलवर डीडीआर३, ८ जीबी, १६०० हेच. पण इंटेलच्या या घरगुती प्रोसेसरांतला मेमरी कंट्रोलर चार बिटांच्या चिपांची अशी साधी रॅम ओळखत नाही. एएमडीच्या त्या काळातल्या बोर्डांवर ती चालते. म्हणून अशा रॅम स्वस्तात विकल्या जातात, आणि फक्त एएमडीसाठी हे वाक्य जाहिरातीत कुठेतरी खाली, इतर माहितीच्या गर्दीत असतं. या प्रकरणातही ते होतं. ताईंना ते दिसलं नाही, यात त्यांची चूक मी मानत नाही. ज्या वस्तूचं गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त मशीनवर ती वापरूच शकत नाही, त्या वस्तूवर ते वाक्य सगळ्यात मोठ्या अक्षरात हवं.

हायनिक्सच्या चिपांवर हीच खूण वेगळ्या जागी असते: एच५टीक्यू४जी८३ म्हणजे आठ बिट, एच५टीक्यू४जी४३ म्हणजे चार. काही रॅमच्या लेबलवर सरळ १आरएक्स४ किंवा २आरएक्स८ असं छापलेलं असतं. एक्सच्या पुढे ८ असलेलीच इंटेलच्या जुन्या बोर्डासाठी घ्या. विकणाऱ्याने चिपांचा जवळून फोटो पाठवायला नकार दिला तर घेऊ नका.

परत करायची मुदत निघून गेली होती. ती रॅम नंतर दारव्ह्यातच एका मुलाच्या एएमडीच्या मशीनमध्ये पहिल्या झटक्यात चालू झाली आणि ताईंचे बरेचसे पैसे सुटले.

खरंच रॅमच कमी होती का

पुढची खरेदी करण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा होता. जुन्या चार जीबीवर मशीन सुरू केली आणि ताईंना नेहमीचं काम करायला सांगितलं. ब्राउझरमध्ये पोर्टलच्या चार-पाच टॅब, स्कॅनरचं सॉफ्टवेअर, पीडीएफ, अंगठ्याच्या मशीनची सेवा, आणि फोटो छोटे करायचं एक जुनं सॉफ्टवेअर. पोर्टलला फोटो आणि सही ठरावीक केबीच्या आत लागते, त्यामुळे ते सॉफ्टवेअर दिवसभर उघडं असतं आणि एकटंच भरपूर मेमरी खातं.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वदीच्या पार, आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्के. हे दोन आकडे एकत्र दिसले की अर्थ जवळपास ठरलेला असतो. नक्की करायला रिसोर्स मॉनिटर उघडला आणि मेमरीच्या पानावर हार्ड फॉल्टचा आलेख पाहिला. टॅब बदलली की आलेख छतापर्यंत उसळत होता. जी माहिती रॅममध्ये हवी होती ती जागेअभावी हार्ड डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकली गेली होती आणि दरवेळी तिथून ओढून आणावी लागत होती. रॅमला हवा तो तुकडा द्यायला शंभर नॅनोसेकंदाच्या आत वेळ लागतो. फिरत्या हार्ड डिस्कला डोकं योग्य जागी न्यायला आणि तबकडी फिरून यायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास. फरक लाखपटीचा आहे. माऊस अडकायचा तो इथे.

मेमरी निम्मीच भरलेली आणि डिस्क १०० टक्के असं दिसलं असतं, तर मी रॅमवर एक रुपयाही खर्च करू दिला नसता. तेव्हा दुखणं डिस्कचं, नाहीतर पडद्यामागे चालणाऱ्या अपडेटचं किंवा अँटिव्हायरसचं असतं. इथे रॅमच कमी होती.

दोन स्लॉट, म्हणून चार-चार जीबीच्या दोन घ्यायच्या ठरल्या. एकच आठ जीबीची घेतली असती तरी बेरीज तीच झाली असती, पण एच६१ च्या दोन स्लॉटचे दोन वेगळे रस्ते प्रोसेसरकडे जातात. दोन्ही भरले की दोन्हीवरून एकदम वाहतूक होते. १३३३ च्या वेगाला एका रस्त्यावरून सेकंदाला साधारण १०.६ जीबी, दोन्ही मिळून २१.३. या प्रोसेसरचं ग्राफिक्स अंगचंच आहे आणि तेही याच मेमरीवर जगतं, त्याला दुसरा रस्ता कामी येतो.

१६०० ची घ्यावी का? आय३-२१२० जास्तीत जास्त १३३३ ला चालतो. १६०० ची रॅम लावली तर ती मुकाट १३३३ वर उतरते. त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही, पण तीच मिळत असेल तर घ्यायला हरकतही नाही. पहिलं अक्षर मिळेपर्यंतचा उशीर दोन्हींत जवळपास सारखाच आहे. १३३३ ची नऊ ठोक्यांची रॅम १३.५ नॅनोसेकंद घेते, १६०० ची अकरा ठोक्यांची १३.७५.

डीडीआर३ नवीन आता फारशी मिळत नाही. यवतमाळच्या एका दुकानातून वापरलेल्या दोन घेतल्या, चिपांवर ०८ बघून, आणि चार दिवसांत परत करण्याच्या बोलीवर. ती बोली कामी आली.

वापरलेली रॅम विंडोज सुरू झालं म्हणून चांगली ठरत नाही. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस टाकून मशीन त्यावरून सुरू केली. हे सॉफ्टवेअर मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक नमुना लिहितं, परत वाचतं आणि जुळवतं. संध्याकाळी लावलेली फेरी स्वच्छ गेली. दुसऱ्या दिवशी नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांतल्या, दुपारी, कूलर बंद ठेवून, पुन्हा चालवली तेव्हा लाल ओळी आल्या. लिहिलेल्या आणि वाचलेल्या आकड्यांत प्रत्येक वेळी एकाच बिटाचा फरक होता, आणि पत्ताही एकाच पट्ट्यातला. एकेक रॅम वेगळी लावून पाहिली, दोष एकीतच निघाला. अशी रॅम रोज मशीन बंद पाडत नाही. ती कधीतरी एखादी पीडीएफ बिघडवते, कधीतरी निळी स्क्रीन देते, आणि दोष विंडोजवर जातो. ज्या खोलीत पोरांच्या प्रवेशाची कागदपत्रं तयार होतात तिथे ही जोखीम घ्यायची नाही. दुकानदाराने लाल ओळींचा फोटो बघून काही न बोलता बदलून दिली. बदललेली रॅम त्याच दुपारच्या उन्हात तपासली, निर्दोष निघाली.

बायोस म्हणतो आठ, विंडोज म्हणतं ३.४१

बायोसच्या पहिल्या पानावर ८१९२ एमबी आले. विंडोज उघडलं, माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीमध्ये पाहिलं: बसवलेली ८ जीबी, वापरण्याजोगी ३.४१. ताई गप्पच झाल्या. त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं: ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम.

विंडोज ७ काळात मशीनमध्ये दोनच जीबी होती, तेव्हा विकणाऱ्याने ३२-बिट टाकलं ते बरोबर होतं. विंडोज १० चं अपग्रेड जुनाच प्रकार पुढे चालू ठेवतं, ३२ चं ६४ करत नाही. आणि ३२ बिटांत पत्तेच मोजून ४,२९,४९,६७,२९६ होतात, म्हणजे चार जीबी. त्यातला वरचा हिस्सा ग्राफिक्स आणि बोर्डावरच्या इतर उपकरणांच्या नावे राखीव असतो, उरतात साडेतीनच्या आत-बाहेर. गट क्रमांक संपले की जमीन शिल्लक असूनही सातबारा निघत नाही, तसं हे आहे. पुढची रॅम आहे, पण तिला नाव नाही.

ताईंनी मधल्या काळात एक व्हिडिओ बघून सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कमाल मेमरीच्या चौकटीत खूण करून ८१९२ लिहिलं होतं. तो पर्याय मेमरी वाढवत नाही, विंडोजला कमी मेमरीत चालवून बघायच्या चाचणीसाठी आहे. ती खूण काढायची. हा उपाय फार पसरलेला आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

खरा उपाय एकच, ६४-बिट विंडोज नव्याने टाकणं. ३२ वरून ६४ वर आहे त्याच जागी जाता येत नाही, फॉरमॅट मारावाच लागतो. परवान्याचा प्रश्न नव्हता. तीच आवृत्ती टाकली की त्याच बोर्डावर इंटरनेट लागताच विंडोज आपोआप सक्रिय होतं.

फॉरमॅटच्या आधी आम्ही तपासलं ते महत्त्वाचं: स्कॅनर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा टोकन, या चौघांचे ६४-बिट ड्रायव्हर, म्हणजे विंडोजमधून ती उपकरणं चालवणारी सॉफ्टवेअर, मिळतात का. स्कॅनर जुना होता. त्याच्यासोबत आलेल्या सीडीत फक्त ३२ चा होता, कंपनीच्या साइटवर ६४ चा सापडला. तो आणि इतर तिन्ही आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले, कारण फॉरमॅटनंतर नेटवर्कचाच ड्रायव्हर नसेल तर मशीन आणि आपण दोघंही अडकतो. ताईंचा दस्तऐवजांचा फोल्डर वेगळ्या डिस्कवर काढून, त्यातल्या काही फाइली दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघितल्या. बॅकअप उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅटचं बटण दाबू नये. गावातल्या कित्येकांच्या स्कॅन केलेल्या कागदांची एकमेव प्रत त्या फोल्डरात होती. त्यातल्या ज्यांचं काम संपलं होतं त्यांचे आधार आणि बँकेचे कागद त्या निमित्ताने पुसून टाकायला लावले.

६४-बिट विंडोज १० बसलं: ८ जीबी, वापरण्याजोगी ७.९. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनेलपुढे ड्युअल आलं, म्हणजे दोन्ही रस्ते चालू. मेमरीचा वेग ६६५ मेगाहर्ट्झच दिसतो म्हणून ताईंना फसवल्यासारखं वाटलं. एका ठोक्यात दोनदा माहिती जाते, म्हणून ६६५ म्हणजेच १३३३.

बाकी मांडणी थोडीच होती. बायोसमध्ये अंगच्या ग्राफिक्ससाठी राखीव मेमरी ६४ एमबी ठेवली, फॉर्म भरायला तेवढी पुरते. पेज फाइल विंडोजच्या हवाली सोडली. भरपूर रॅम झाली म्हणून ती बंद करून टाकणारे भेटतात, मी तसं करत नाही. एखादं सॉफ्टवेअर मेमरी आगाऊ मागतं तेव्हा ती नसली की थेट बंद पडतं. मशीनसोबत आपोआप सुरू होणाऱ्या यादीतून दूरून मशीन चालवायचं एक ॲप, दोन प्रिंटर सहायक आणि एक जुना डाउनलोडर काढले. दोन अँटिव्हायरस एकमेकांवर बसले होते, एक ठेवला.

मग तेच काम, त्याच टॅब, तोच स्कॅनर, तेच फोटोचं सॉफ्टवेअर. मेमरी साधारण साठ टक्क्यांवर थांबली. हार्ड फॉल्टचा आलेख सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडताना हलला आणि मग आडवा झाला. टॅब बदलताना डिस्कचा दिवा लागेना. ताईंनी एक उत्पन्नाचा अर्ज सुरुवातीपासून पावतीपर्यंत न अडखळता भरला, आणि ओटीपी वेळेत टाकला.

मशीन चालू व्हायला मात्र अजूनही वेळ लागतो. तो हार्ड डिस्कचा वेळ आहे आणि रॅमने कमी होणार नव्हता, हे ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं. हातात पैसे असते तर फॉरमॅट मारतानाच एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली जलद डिस्क, टाकली असती, म्हणजे नंतर डिस्क बदलायचं वेगळं काम उरलं नसतं. एच६१ वरचा साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या वाटेचा, वेग सेकंदाला ३ गिगाबिटच आहे, त्यामुळे महागडी एसएसडी घेऊन फायदा नाही, २५६ जीबीची साधी पुरेल. जून तोंडावर होता, घरात खताचा हिशेब चालला होता, म्हणून ते कापूस विकल्यानंतरवर गेलं. तेव्हा पुन्हा फॉरमॅट न मारता आहे ती डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवता येते.

एक मर्यादा ताईंना स्पष्ट सांगितली होती आणि इथेही सांगतो. आय३-२१२० वर विंडोज ११ कंपनीच्या नियमात बसत नाही, रॅम कितीही टाकली तरी. विंडोज १० ला कंपनीकडून नेहमीचे अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. मायक्रोसॉफ्टने त्यापुढच्या काळासाठी वैयक्तिक मशीनना जादा सुरक्षा अपडेटची सोय दिली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ते फुकट मिळतात. ताईंनी आपल्या खात्याने नाव नोंदवलं आहे. ज्या मशीनवर लोकांचं आधार आणि बँक खातं उघडलं जातं ती अपडेटशिवाय चालवू नये, म्हणून या मशीनवर पुढे खर्च करायचा तो एसएसडीइतकाच, जी उद्या दुसऱ्या मशीनमध्ये काढून लावता येते. आणखी रॅम नाही, नवा प्रोसेसर नाही. २०२६ च्या ऑक्टोबरनंतर हिच्याकडे घरातल्या मुलांचा अभ्यास आणि टायपिंग, आणि केंद्राच्या टेबलावर विंडोज ११ चालणारा, इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा वापरलेला डेस्कटॉप, असं ताईंचं आणि माझं ठरलं आहे. तो बघायला जाताना सोबत भिंग आणि मेमटेस्टचा पेन ड्राइव्ह न्यायचा. त्यात बहुधा डीडीआर४ रॅम असेल: तिचे पिन २८८, दाब १.२ व्होल्ट, खाच वेगळ्या जागी. त्यामुळे आताच्या या दोन रॅम त्यात बसणार नाहीत, त्या मुलांच्याच मशीनमध्ये राहतील.